अठरा पूर्ण, पुढे कोण?

मनगटाची हाडं माणसाचं वय सांगतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मनगटात हाडं नसतातच. असते ती कूर्चा, आणि ती क्ष-किरणांच्या चित्रात उमटत नाही. पहिल्या काही महिन्यांत त्यातली दोन हाडं दिसू लागतात, मग सवडीने एकेक करत बाकीची, आणि शेवटचं, आठवं, वाटाण्याएवढं हाड दहा-बाराव्या वर्षाच्या सुमारास. लांब हाडांच्या टोकांशी वाढीची चकती असते, ती अठराच्या आसपास भरून येते. त्यामुळे ज्याला स्वतःचं नावही सांगता येत नाही, अशा माणसाच्या मनगटाचं, कोपराचं आणि कमरेच्या हाडाचं चित्र काढलं की डॉक्टर दोनेक वर्षं मागेपुढे धरून त्याचं वय सांगू शकतो.

ही विद्या लागते ती बडनेऱ्याच्या किंवा अकोल्याच्या फलाटावर सापडणाऱ्या लेकराला. दोन्ही मुंबई-हावडा मार्गावरची जंक्शनं. कुठल्या तरी गावाहून हात सुटलेलं, नाहीतर मुद्दाम सोडलेलं मूल इथे उतरतं. ऐकू येत नाही, बोलता येत नाही, बुद्धीची वाढ कमी. रेल्वे पोलीस त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करतात. शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही, मग समिती वैद्यकीय तपासणीचा आदेश देते. पुढची गंमत कायद्यात आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं 94 वं कलम म्हणतं, समितीने नोंदवलेलं वय हेच त्या मुलाचं खरं वय मानलं जाईल. आईला ठाऊक असलेली तारीख वेगळी असेल. पण आई कुठे आहे कुणाला माहीत? त्या दिवशी त्या लेकराचा जन्म सरकारदरबारी होतो.

आणि त्याच कागदावर एक तारीख आपोआप ठरून जाते: ते अठरा वर्षांचं कधी होणार.

अठरा पूर्ण झाली की ते बालक उरत नाही. बालगृहात ठेवायला कायद्याचा आधार उरत नाही. पुढे अनुरक्षण गृहाची सोय आहे, पण ती एकविसाव्या वर्षापर्यंत, फारच अडचण असेल तर तेविसाव्यापर्यंत. धडधाकट तरुणाला तेवढा काळ उभं राहायला पुरेल कदाचित. ज्याची समज सहा वर्षांच्या मुलाएवढीच राहणार आहे, त्याने तेविसाव्या वाढदिवशी कुठे जावं? कॅलेंडर पुढे सरकतं म्हणून बुद्धी सरकत नाही.

आता तोच फलाट घ्या, आणि तीच व्यक्ती तिथे सतराव्या वर्षाऐवजी दोन वर्षं उशिरा सापडली असं समजा. वय एकोणीस. बालकल्याण समितीचा संबंधच संपला. आता पोलिसांच्या हातात कुठला कायदा? 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा फार माणुसकीने लिहिला आहे. त्याचं 100 वं कलम म्हणतं, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मानसिक रुग्ण भटकताना दिसला तर ठाणेदाराने त्याला संरक्षण द्यायचं, 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यकेंद्रात न्यायचं, कोठडीत कदापि ठेवायचं नाही, आणि हरवलेल्या माणसाची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. ठाणेदाराला सामाजिक कार्यकर्ता करून टाकणारं हे कलम आहे. पण त्याच कायद्याच्या व्याख्येत एक बारीक ओळ आहे: बौद्धिक अक्षमता म्हणजे मानसिक आजार नव्हे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर. फलाटावरच्या आपल्या माणसासाठी मात्र त्याचा अर्थ असा, की तो बालक नाही म्हणून पहिल्या कायद्यात बसत नाही, आणि वेडा नाही म्हणून दुसऱ्यातही बसत नाही.

मग त्याला धरून ठेवतं कोण? ठेवतात अनेक जण, थोडं थोडं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालय देतं. अमरावतीत त्याला अजूनही सगळे इर्विनच म्हणतात. अकोल्यात 2002 साली वैद्यकीय महाविद्यालय झालं, तेव्हापासून लोक त्याच्या सर्वोपचार रुग्णालयात जातात. कान तपासायचा तर रुग्णाने 'ऐकू आलं' म्हणायला हवं ना? तीही गरज नाही. बेरा नावाच्या चाचणीत डोक्याला तारा लावतात, कानात टिकटिक सोडतात, आणि मेंदूच्या मुळापर्यंत आवाज पोहोचला की नाही ते पहिल्या दहा मिलिसेकंदांत उमटणाऱ्या लाटांवरून कळतं. माणूस झोपलेला असला तरी चालतं, उलट झोपलेलाच बरा. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व भरलं की सवलतींची दारं उघडतात.

पण प्रमाणपत्राला आधार कार्ड लागतं. आधारला पत्ता लागतो. निराधार अनुदानासाठी तहसीलला अर्ज करायचा तर महाराष्ट्रात 15 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि ज्याला आपण कुठून आलो हेच सांगता येत नाही त्याने तो कसा दाखवावा? बँकेला पुन्हा आधार, आणि सही. सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठा देणाऱ्याला व्यवहार कळत नसेल तर पालक. पालक म्हणजे? इथून प्रकरण पुन्हा सुरुवातीच्या टेबलावर.

इथे थांबून एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ज्या घरात असं मूल आहे, तिथेही ही सगळी टेबलं असतातच. पण आपल्याला ती दिसत नाहीत, कारण त्यांच्यामधून आई फिरत असते. तिच्या पिशवीत सगळे कागद असतात: झेरॉक्स, मूळ प्रत, चार फोटो. इर्विनला अपंगत्व तपासणाऱ्या बोर्डाचा दिवस कुठला, सेतूतला कोण बाबू नीट बोलतो, कोणत्या खिडकीवर जेवणाच्या सुट्टीनंतर गेलेलं बरं, हे तिला पाठ असतं. आरोग्य खातं, महसूल खातं, बँक आणि शाळा यांना जोडणारं जे कार्यालय आहे त्याचं नाव घर. त्याला मंजूर पदं नाहीत, अंदाजपत्रकात तरतूद नाही. ते बंद पडलं की मगच लक्षात येतं, ही सगळी खाती एकमेकांशी बोलत होती ती तिच्या तोंडून.

परतवाड्याजवळ, अचलपूर तालुक्यात, वज्जर नावाच्या गावी हे घर नव्याने उभं राहिलं आहे. शंकरबाबा पापळकर हे गाडगेबाबांना मानणारे एके काळचे पत्रकार. त्यांनी तिथे बेवारस, मतिमंद, मूकबधिर, दृष्टिहीन मुलांसाठी बालगृह काढलं आणि त्याला अंबादासपंत वैद्यांचं नाव दिलं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली स्थापन करणाऱ्या वैद्य बंधूंपैकी हे एक. समित्यांच्या आदेशाने राज्याच्या ठिकठिकाणांहून लेकरं इथे येत गेली. शंभराहून जास्त मुलांच्या आधार कार्डावर वडिलांच्या जागी शंकरबाबांचं नाव आहे, आडनाव पापळकर. आणि अठरा झाली म्हणून त्यांनी कुणाला फाटकाबाहेर काढलं नाही. गेली कित्येक वर्षं त्यांची एकच मागणी आहे: बेवारस अपंगांना अठरानंतरही, आयुष्यभर, संस्थेत राहता यावं असा कायदा करा. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मला त्या नाव लावण्याचं फार नवल वाटतं. वरकरणी ती भावनेची गोष्ट आहे. पण फाइलीच्या बाजूने पाहिलं तर तो कारभारातला मोठा शोध आहे. अर्जात वडिलांच्या नावाचा रकाना असतो. तो रिकामा असला की प्रत्येक खिडकीवर प्रश्न येतो, प्रश्न आला की अर्ज बाजूला पडतो. रकाना भरला की तोच अर्ज सरकतो. एका माणसाने आपलं नाव दिलं आणि निम्म्या खिडक्यांवरचा पहिला प्रश्नच संपला.

शंकरबाबांनी दुसरी गोष्ट केली ती अस्सल वऱ्हाडी आहे. त्यांनी खात्यांशी सोयरीक जुळवली. 20 डिसेंबर 2020 रोजी, म्हणजे गाडगेबाबांच्या पुण्यतिथीलाच, नागपुरात एक लग्न लागलं. वधू वज्जरला वाढलेली, मूकबधिर, बेवारस. वरही मूकबधिर आणि अनाथच. कन्यादान केलं तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख आणि त्यांच्या पत्नीने. मुलाकडून उभे राहिले नागपूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी रवींद्र ठाकरे, सपत्नीक. म्हणजे राज्याचं गृहखातं आणि जिल्ह्याचं महसूल खातं चक्क व्याही झाले! फोटो छापून आले, आणि पुढाऱ्यांना फोटो आवडतात असं कुणी म्हणेल तर म्हणू दे. पण बेवारस मूल पहिल्यांदा सापडतं ते पोलिसाला, आणि अठरानंतर त्याच्या पालकत्वाचा निकाल ज्या समितीकडे असतो (तिच्याविषयी पुढे) तिथे जिल्हाधिकारी बसतो. ही दोन खाती एका मांडवात आली, एका पंगतीत बसली, आणि पोरीचं बरंवाईट विचारायला बांधली गेली. परिपत्रकाने इतकं साधत नाही. व्याह्याचा फोन उचलावाच लागतो.

वज्जरला वाढलेली एक दृष्टिहीन तरुणी 2024 मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिकपदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. टेबलाच्या अलीकडे जिचा कागद वर्षानुवर्षं फिरला, ती आता पलीकडे बसायला पात्र ठरली. सामाजिक सेवा आणि कचेरी यांच्यातले संबंध सुधारण्याचा याहून सरळ मार्ग मला तरी ठाऊक नाही.

वऱ्हाडात याआधीची रीत वेगळी होती. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापन केलं आणि अमरावतीच्या वेशीवर तपोवन उभं राहिलं. कुष्ठरोग्याला गाव शिवू देत नव्हतं, कुठल्याही कचेरीची पायरी चढू देत नव्हतं. पटवर्धनांनी सगळं एकाच कुंपणात आणलं: दवाखाना, शेती, शाळा, कारखाना. दारोदार पाठवण्याची गरजच ठेवली नाही. त्या काळाला तेच शोभणारं होतं, आणि 1959 च्या पद्मश्रीने त्याची दखलही घेतली गेली. पण आज हक्क ऑनलाइन अर्जातून मिळतात, कुंपणाच्या आत ते उगवत नाहीत. म्हणून आता संस्थेला बाहेरच्या दारांशी घसट ठेवावीच लागते.

खाती एकमेकांना भेटली की काय होतं, याचा सगळ्यात अजब नमुना नागपुरातला. एक मतिमंद मुलगा 2012 च्या सुमाराला नागपूर स्टेशनवर सापडला, अनाथालयात राहिला. ते बंद पडल्यावर तिथल्या चालकांनीच त्याला स्वतःच्या घरी नेऊन वाढवलं. दहावीच्या वेळी शाळेने आधार कार्ड मागितलं. अर्ज केला की नाकारला जाई. पुन्हा केला, पुन्हा नाकारला. मानकापूरच्या आधार केंद्रातल्या अधिकाऱ्याने हा अर्ज 'त्रुटी' म्हणून परत पाठवून मोकळं व्हायचं टाळलं आणि नाकारला का जातो ते खोदून पाहिलं. ठसे आधीच कुणाच्या तरी नावावर नोंदलेले होते. ते 'कुणीतरी' म्हणजे हाच मुलगा. हरवण्याआधी, 2011 मध्ये, जबलपूरला घरच्यांनी त्याचं आधार काढलं होतं. 2021 मध्ये तो आईवडिलांना भेटला. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच, सहाव्या महिन्याच्या सुमाराला पक्क्या होतात आणि पुढे बदलत नाहीत. त्याला गाव सांगता आलं नाही, त्याच्या बोटांनी सांगितलं. पण यंत्र नुसतं 'नाही' म्हणत होतं. त्या 'नाही'चा अर्थ विचारणारा अधिकारी, आणि पोराला घेऊन पुन्हा पुन्हा केंद्रावर जाणारं कुटुंब, यांची गाठ पडली म्हणून ते उघडलं.

आपल्याकडे ही गाठ कायद्यानेच बांधून दिलेली आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक स्तरीय समिती सांगितली आहे. तिचे सभासद किमान तीन: जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नाही असा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी, आणि एक अपंग व्यक्ती. अठरा वर्षांवरच्या मतिमंद व्यक्तीचा कायदेशीर पालक ही समिती नेमते. जन्मदात्या आईवडिलांनाही! मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याच्या नजरेत तो स्वतंत्र नागरिक, आणि त्याच्या वतीने सही करायची तर आईलाही समितीकडून नेमणूक घ्यावी लागते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्षानंतर तीन महिन्यांत हिशेब. म्हणजे बेवारस असो वा घरंदाज, प्रत्येकाच्या पाठीशी कुणीतरी हिशेब मागणारं उभं आहे.

इंग्लंडमध्ये 2014 च्या केअर अ‍ॅक्टने खात्यांची गाठ घालणारं मंडळ प्रत्येक भागात सक्तीचं केलं. तिथेही कायद्याने ठरवलेल्या जागा तीन: स्थानिक परिषद, आरोग्यसेवा, पोलीस. पैसा, दवाखाने आणि काठी, तिन्ही एका टेबलाशी. आपल्या समितीत पोलीस नाही, डॉक्टर नाही. ते दोघे नसल्याने काम अडतं हे खरं. पण आपल्या तीन खुर्च्यांपैकी एक अपंग माणसाची आहे, आणि ती इंग्लंडच्या सक्तीच्या यादीत नाही. आपलं टेबल अधुरं आहे, पण त्याची रचना जास्त शहाणी आहे.

मग अडतं कुठे? खूपसं अडतं बदल्यांपाशी. महाराष्ट्राच्या 2005 च्या बदली कायद्यात एका पदावरचा साधारण काळ तीन वर्षांचा धरला आहे. संस्थाचालकाने साहेबांना एकेक प्रकरण समजावून सांगायचं, साहेबांनी मनावर घ्यायचं, काम रुळावर यायचं, आणि बदलीचा आदेश यायचा. नवे साहेब, नवी ओळख, पुन्हा 'हे प्रकरण काय आहे?' मतिमंद माणसाची गरज चाळीस-पन्नास वर्षांची असते, म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात तेरा ते सतरा जिल्हाधिकारी येऊन जाणार. म्हणून जुन्या संस्था साहेबापेक्षा लिपिकाला, परिविक्षा अधिकाऱ्याला, रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाला जपतात. पत्र देतात, आवक क्रमांक घेतात, आणि संध्याकाळी फोनही करतात. काम झालं तर बातमीत आधी खात्याचं नाव घालतात. यात लाचारी पाहणाऱ्याने कधी बोर्डाच्या दिवशी ओरडणाऱ्या, घाबरलेल्या तीस वर्षांच्या माणसाला घेऊन रांगेत उभं राहून पाहावं. ओळखीच्या परिचारिकेने त्याला आधी आत घेतलं तर आठ तासांचा छळ वाचतो.

उलटही होतं. पोलिसाने रात्री दोन वाजता माणूस आणून सोडला आणि संस्थेने कागदाशिवाय घेतला, तर सकाळी कायद्याच्या दृष्टीने संस्थाच अडचणीत. नाही घेतला तर माणूस रस्त्यावर. जिथे ठाण्याला संस्थेचा आणि संस्थेला ठाण्याचा भरवसा आहे तिथे माणूस आधी आत येतो आणि आदेश दुसऱ्या दिवशी होतो. तो भरवसा एका प्रसंगात तयार होत नाही, आणि मोडतो मात्र एकाच प्रसंगात.

डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग जाहीर केला. चांगलंच झालं. पण त्याने टेबलांची संख्या एकाने वाढली, आणि टेबलाटेबलांमधून फिरणारी ती आई जिथे नाही, तिथे तिचं काम कोण करणार हे कुठल्याही विभागाच्या कार्यासनात लिहिलेलं नाही. प्रत्येक बेवारस अपंग प्रौढासाठी एक नाव, एक माणूस नेमलेला हवा: त्याची पिशवी ज्याच्या खांद्यावर आहे असा, पगारी, आणि दर तीन वर्षांनी न बदलणारा. शंकरबाबा हे काम आयुष्य देऊन करतात. जिल्ह्याने ते नोकरी म्हणून तरी करावं.

तोवर एक विनंती. अमरावतीत असा वा अकोल्यात, घरात अठरा ओलांडलेलं मतिमंद लेकरू असेल तर कायदेशीर पालकत्वाचा अर्ज आपले हातपाय चालताहेत तोवर करा, आपल्यामागे भावंडांवर टाकू नका. अर्ज कुठे करायचा हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. आणि विचारायला गेलातच, तर स्थानिक स्तरीय समितीची शेवटची बैठक कधी झाली तेही विचारा. कायद्याप्रमाणे ती दर तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी.